दिसणारे बटण, असणारे बटण

हिंजवडीचे आयटी पार्क लोकांच्या बोलण्यात पुण्यात आहे. महसुली दप्तरात ते मुळशी तालुक्यात आहे, आणि मुळशीची तहसील कचेरी आहे पौडला. ज्या इमारतींत बसून परदेशातल्या बँकांचे आणि दुकानांचे वेब-फॉर्म लिहिले जातात, त्या इमारतींखालच्या जमिनीचा सातबारा पौडच्या कचेरीच्या अखत्यारीत येतो. २८ जून २०२५ पासून युरोपीय महासंघात ॲक्सेसिबिलिटीचा कायदा लागू झाला. बँक, ऑनलाइन खरेदी, तिकीट विक्री अशा सेवा अपंग ग्राहकाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय वापरता आल्याच पाहिजेत, असे तो सांगतो. परदेशी ग्राहकाच्या करारात ही अट असली की आपल्याकडचा डेव्हलपर ती पाळतो. इथल्या माणसासाठी काही बांधायचे असले की तोच डेव्हलपर, तेच हात, तोच लॅपटॉप. आणि अट मात्र बहुतेकदा कुणाला आठवत नाही. इथे घडलेले दुसरीकडच्यांच्या कामी येणे मुळशीला तसे नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरले आणि वीज मुंबईला गेली. पण विजेच्या बाबतीत निर्णय टाटांचा आणि सरकारचा होता. वेब-फॉर्मच्या बाबतीत बराचसा निर्णय लिहिणाऱ्याच्याच हातात असतो, म्हणून दोष शोधायचा तर तिथून सुरुवात करावी लागते. माझ्या मते तो दोष माणुसकीचा नाही आणि कायद्याचाही मुख्यतः नाही. तो शिकण्याच्या क्रमाचा आहे. फ्रंट-एंड शिकणाऱ्याला ॲक्सेसिबिलिटी ही सगळे झाल्यावर, वेळ उरला तर जोडायची गोष्ट म्हणून भेटते. खरे तर ती एचटीएमएलच्या पहिल्या धड्यातच असते. पुढच्या धड्यांत आपण ती मोडायला शिकतो.

हे म्हणणे तपासायला एक बटण पुरेल. पडद्यावर निळा चौकोन, त्यात ‘अर्ज सादर करा’ ही अक्षरे, आणि त्यावर क्लिक केले की अर्ज जातो. हा चौकोन दोन तऱ्हांनी बनवता येतो. एक, एचटीएमएलमध्ये बटण नावाचा घटक आहे तो घ्यायचा. दोन, डिव्ह नावाचा रिकामा डबा घ्यायचा, त्याला निळा रंग द्यायचा आणि क्लिक झाल्यावर काय करायचे ते जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे. डोळ्यांना आणि माऊसला दोन्हींत तसूभर फरक जाणवत नाही. पण टॅबची कळ दाबत येणारा माणूस डिव्हवर थांबतच नाही, कारण ब्राउझरच्या हिशेबी तिथे थांबण्यासारखे काही नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन, वापरणाऱ्याला ‘अर्ज सादर करा’ एवढी अक्षरे ऐकू येतात, ती दाबायची आहेत हे कळत नाही. मग कुणीतरी चूक दाखवतो आणि दुरुस्ती सुरू होते. डिव्हला बटणाची भूमिका दिली. टॅबने पोहोचता यावे म्हणून टॅबइंडेक्स दिला. एंटर दाबल्यावर चालावे म्हणून एक फंक्शन लिहिले. मग लक्षात आले की खरे बटण स्पेसनेही चालते, म्हणून तेही लिहिले. तर स्पेस दाबल्यावर पान खाली सरकू लागले, ते थांबवावे लागले. टॅबने आपण कुठे पोहोचलो ते कळावे म्हणून फोकसची कडा दाखवावी लागली. अर्ज अपुरा असताना बटण निष्क्रिय ठेवायचे तर ते वेगळे सांगावे लागले. एवढे करून जे हाती आले ते म्हणजे बटण, जे पहिल्याच ओळीत फुकट मिळत होते. ज्याने हे एकदा स्वतः करून पाहिले त्याला ॲक्सेसिबिलिटी म्हणजे जादा काम असे वाटणार नाही. जादा काम डिव्हचे होते.

एवढे साधे असेल तर जगभर गोंधळ का, हा प्रश्न रास्त आहे. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के पानांवर मान्य मानकांचा भंग करणाऱ्या चुका सापडल्या, पानामागे सरासरी ५१. हा आकडा या विषयावरच्या बहुतेक व्याख्यानांत सांगितला जातो आणि ऐकणारे मान हलवतात. त्याखालचा तपशील मात्र फार महत्त्वाचा आहे. सापडलेल्या चुकांपैकी ९६ टक्के चुका फक्त सहा प्रकारच्या होत्या: अक्षरांचा रंग फिका, चित्राला पर्यायी मजकूर नाही, फॉर्मच्या रकान्याला लेबल नाही, लिंक रिकामी, बटण रिकामे आणि पानाची भाषा सांगितलेली नाही. वर्षानुवर्षे याच सहा. यांतली एकही चूक अवघड नाही, एकीलाही संशोधन लागत नाही, आणि सहाही दुरुस्त करायला एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला एका दुपारपेक्षा जास्त शिकावे लागणार नाही. विषय कठीण असता तर चुका विखुरलेल्या दिसल्या असत्या, अवघड कोपऱ्यांत साचलेल्या दिसल्या असत्या. त्या बाराखडीत साचल्या आहेत. यंत्राला सगळ्याच चुका दिसत नाहीत, तीही गोष्ट खरी. पर्यायी मजकूर आहे की नाही हे यंत्र सांगेल, तो बरोबर आहे की नाही हे सांगणार नाही. पण जे यंत्रालासुद्धा दिसते तेच जर सुटत असेल, तर अडचण प्रावीण्याची नसून अक्षरओळखीची आहे असेच म्हणावे लागते.

फिक्या अक्षरांचे उदाहरण घेऊ, कारण ती चूक सर्वांत जास्त आढळते. त्याच पाहणीत ७९ टक्के पानांवर होती. मानक सांगते की साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ४.५ ला १ या प्रमाणात वेगळा हवा. डिझायनरांचा लाडका राखाडी, #९९९९९९, पांढऱ्यावर घेतला तर हे प्रमाण २.८५ भरते. तोच राखाडी थोडा गडद करून #७६७६७६ केला की ४.५४ होते आणि निकष पार पडतो. डिझाइनचा नाजूकपणा जातो म्हणून ओरड करणाऱ्यांनी हे दोन रंग शेजारी ठेवून पाहावेत. देखणेपण जाते म्हणण्याइतका फरक त्यांत नाही. आणि याचा फायदा केवळ दृष्टी अधू असलेल्यांना नाही. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला तो आहे, आणि भाताच्या खाचरात भर उन्हात उभे राहून मोबाइलवर फेरफाराची स्थिती पाहणाऱ्या तरण्या शेतकऱ्यालाही आहे. उन्हात पडद्याची अक्षरे धुऊन निघतात. डोळे शाबूत असले तरी त्या घटकेला तो माणूस नीट पाहू शकत नसतो.

मराठीत लिहिणाऱ्याला त्या सहांतली शेवटची, पानाची भाषा न सांगण्याची चूक जास्त महागात पडते. प्रत्येक वेबपानाच्या पहिल्याच ओळीत ते कोणत्या भाषेत आहे हे सांगायची सोय आहे. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे नवे प्रोजेक्ट तयार साच्यातून सुरू केले की त्या ओळीत इंग्रजी आधीच लिहिलेली येते. त्या फाइलीकडे पुन्हा कुणी वळत नाही, आणि मग अख्खे मराठी संकेतस्थळ स्वतःची ओळख इंग्रजी अशी करून देत राहते. डोळ्यांनी वाचणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. स्क्रीन रीडर मात्र त्या ओळीवर विसंबून आवाज निवडतो. इंग्रजी आवाजाकडे देवनागरी मजकूर गेला की तो बऱ्याचदा एक तर गप्प बसतो, नाही तर अक्षरांची नावे घेत सुटतो. हिंदी आवाज मिळाला तर मजकूर कळतो, पण ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एकसारखेच कानावर येतात, आणि तास-दोन तास असे ऐकणाऱ्याचे डोके उठते. हे टाळायला दोन अक्षरे बदलावी लागतात. याआधीच्या पिढीने श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट वापरून जे दस्तऐवज बनवले, त्यांचीही हीच कथा आहे: कागदावर शुद्ध मराठी, आत रोमन अक्षरांची खिचडी, आणि स्क्रीन रीडरच्या तोंडी निव्वळ गडबडगुंडा. त्यावर स्कॅन केलेल्या पीडीएफची भर, ज्यात आत मजकूरच नसतो, फक्त कागदाचा फोटो. हे सारे कुणाच्या दुष्टपणातून झालेले नाही. छापून भिंतीवर लावायचे हेच ध्येय होते, आणि ते साधत होते.

हे शिका असे सांगितले की पहिला आक्षेप संख्येचा असतो. आमच्या साइटवर अंध माणसे येतच नाहीत, आली तर करू. यात एक हिशेबाची चूक आहे. संकेतस्थळाची आकडेवारी मोजणारी साधने स्क्रीन रीडर चालू आहे की नाही हे खात्रीने सांगू शकत नाहीत, त्यामुळे ‘येत नाहीत’ हे विधान मुळातच मोजून केलेले नसते. आणि जो पहिल्याच फॉर्मवर अडून निघून गेला, तो कोणत्याही आकडेवारीत दुसऱ्यांदा दिसत नाही. मोजलेली संख्याच हवी तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, देशात दोन कोटी अडुसष्ट लाख. आणि तेव्हा अपंगत्वाचे प्रकार मोजकेच धरले जात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. मराठी वाचणारे अंध वाचक आहेत का, असे विचारणाऱ्यांना स्वागत थोरातांनी २००८ मध्ये सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक दाखवता येईल. कागद दुर्मीळ, छपाई महाग, टपाल संथ, तरी वाचक होते. आज त्याच वाचकांच्या खिशात बोलणारा फोन आहे.

याच आक्षेपाचे गावाकडचे रूप जरा वेगळे आहे आणि जास्त पटण्यासारखे वाटते: अंध माणूस कशाला स्वतः फॉर्म भरेल, तो सेवा केंद्रात जाईल की. आपले सरकार सेवा केंद्रे आहेत, तिथला मुलगा भरून देतो, चार पैसे घेतो. डोळस माणसेही तिथेच जातात. हे खरे आहे आणि त्या केंद्रांनी पुष्कळांची कामे सोपी केली हेही खरे आहे. पण डोळस माणूस तिथे सोयीसाठी जातो. त्याला ते नको असेल तर घरी बसून करता येते. अंध माणसाला दुसरा रस्ताच नसला की तीच सोय परावलंबन होते. त्याचा आधार क्रमांक, पासवर्ड, फोनवर आलेला ओटीपी, खात्यातली शिल्लक, उत्पन्नाचा दाखला, सगळे दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. जमिनीच्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. मुळशीत गुंठ्याचे भाव काय आहेत हे ठाऊक असलेल्या माणसाने आपल्या सातबाऱ्यावरची नोंद स्वतः वाचता येणे आणि दुसऱ्याने वाचून दाखवणे यांतला फरक एकदा मनाशी तोलून पाहावा. सातबारा पाहण्याच्या सरकारी संकेतस्थळावर कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे ओळखून टाइप करावी लागतात. यंत्रे बाहेर राहावीत म्हणून ती आहेत. अशी अक्षरे वाचायला हल्लीच्या यंत्राला फारसे जड जात नाही. आंधळ्या माणसाला जाते.

आता थोडे जवळून पाहू. समजा एका फॉर्मवर जिल्हा, तालुका आणि गाव अशा तीन याद्या आहेत, आणि एक निवडली की पुढची आपोआप भरते. लिहिणाऱ्याने सोय म्हणून असे केले की यादीतले नाव बदलताक्षणी पान ताजे व्हावे. माऊसवाला यादी उघडतो, थेट मुळशीवर टिचकी मारतो, काम झाले. विंडोजवर कळफलकाने काम करणारा बंद यादीवर खालच्या बाणाची कळ दाबतो. पहिले नाव आंबेगाव, ते येताच ब्राउझर म्हणतो निवड बदलली, पान ताजे होते, फोकस वर कुठे तरी जातो. पुन्हा टॅब दाबत यादीपाशी, पुन्हा एक बाण, आता इंदापूर, पुन्हा पान ताजे. खेड, जुन्नर, दौंड करत मुळशी येईपर्यंत कोणाचा धीर टिकेल? यात अंधत्वाचाही संबंध नाही. हात थरथरणारा, माऊस धरू न शकणारा डोळस माणूसही इथेच अडकतो. उपाय एकच, निवड आणि कृती वेगळी ठेवायची: यादीशेजारी ‘पुढे’ असे बटण द्यायचे, किंवा पान न हलवता फक्त पुढची यादी भरायची. दुसरा प्रकार याच्या उलटा. कुणाला ब्राउझरची साधी यादी कळकट वाटली, म्हणून त्याने डिव्ह रचून देखणी यादी बनवली. साध्या यादीत ‘पौ’ टाइप केले की पौड मिळते. देखण्या यादीत गावांची लांबलचक रांग बोटाने सरकवत बसावे लागते, कारण ती सोय आधी फुकट होती हे बनवणाऱ्याला माहीतच नव्हते. देखणेपणाला माझा विरोध नाही. पण जे काढून टाकतो आहोत त्याची यादी आधी करावी, एवढी अपेक्षा कोणत्याही कारागिराकडून असते.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा असतो: हे काम कायद्याचे आणि तपासनीसांचे आहे, प्रत्येक डेव्हलपरने त्यात पडायचे कारण नाही. कायदा आहेच, आणि तो बराच कडक आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आणि खासगी दोन्ही सेवांना लागू आहे. नियम २०१७ मध्ये आले, सेवा सुगम करायला दोन वर्षांची मुदत होती, ती २०१९ मध्ये संपली. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही आहे, जे युरोपच्या मानकावर बेतलेले आहे. म्हणजे हिंजवडीतल्या संगणकावर युरोपसाठी जो नियम पाळला जातो, जवळपास तोच आपल्या देशाने स्वतःसाठीही स्वीकारला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ कायदा बंधनकारक असताना त्याखालचा नियम नुसता शिफारशीच्या भाषेत आहे, हे चालणार नाही.  याचिका मात्र २००५ ची. पुढे ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा यांना बँक खाते उघडता आले नव्हते, कारण केवायसीच्या पडद्यावर जिवंत असल्याचा पुरावा म्हणून पापण्या मिटून दाखवायच्या होत्या, आणि त्यांना ते शक्य नव्हते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले.

हा दुसरा खटला मला जास्त बोलका वाटतो. पापणी मिटवून दाखवा, ही सूचना कोणत्याही कायद्याने लिहिली नव्हती. ती कुठल्या तरी बैठकीत ठरली, कुणीतरी डिझाइन केली, कुणीतरी कोड लिहिला. त्या ओळीपाशी एकाही माणसाने ‘ज्याला मिटवता येत नाही त्याचे काय’ असे विचारले असते तर प्रकरण तिथेच संपले असते. कायदा या प्रश्नापर्यंत पोहोचला, पण एका बाईला न्यायालयाची पायरी चढावी लागल्यानंतर. प्रमाणपत्राचेही तसेच. केंद्र सरकारची एसटीक्यूसी ही यंत्रणा मार्गदर्शक तत्त्वांनुसार संकेतस्थळ तपासून प्रमाणपत्र देते. तपासणीच्या दिवशी संकेतस्थळ जसे होते त्याचे ते प्रमाणपत्र असते. पुढच्या सोमवारी कुणीतरी नवा बॅनर टाकतो, एक नवी यादी जोडतो, आणि प्रमाणपत्र मुखपृष्ठाच्या तळाशी तसेच राहते. ॲक्सेसिबिलिटी शेकडो बारीक निर्णयांत ठरते आणि ते निर्णय घेताना तपासनीस शेजारी बसलेला नसतो. म्हणून कायदा आहे हा डेव्हलपरने न शिकण्याचा आधार होऊ शकत नाही; तो शिकण्याची मागणी वाढवतो एवढेच.

तिसरा आक्षेप आजच्या काळाला शोभणारा आहे: यंत्र करील. याचे जुने रूप म्हणजे एक ओळ जावास्क्रिप्ट टाका आणि संकेतस्थळ आपोआप सुगम होईल, असे सांगत विकली जाणारी आयती साधने. अशा साधनांतल्या बड्या कंपनीला, ॲक्सेसीबीला, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये खोट्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. नवे रूप म्हणजे कोड लिहून देणारी एआय साधने. ती उपयोगी आहेत, आणि नीट विचारले तर नीट बटण देतात. पण ती ज्या वेबवरून शिकली, त्या वेबच्या मुखपृष्ठांपैकी सुमारे ९५ टक्के पाने सदोष आहेत, हे वर आलेच आहे. गुरूचीच अक्षरे वाकडी असली तर शिष्याने गिरवलेली सरळ येतील ही आशा जरा भाबडी आहे. साधनाने दिलेल्या तीस ओळींतले डिव्हचे बटण ओळखायला बटण म्हणजे काय हे माहीत असावेच लागते. उलट पूर्वी हाताने लिहिताना जे आपोआप लक्षात राहायचे, ते आता वाचताना पकडावे लागते, आणि वाचून चूक पकडणे हे लिहिण्यापेक्षा जास्त जाणतेपणाचे काम आहे.

मग शिकायचे कसे? बाजारात याचेही अभ्यासक्रम आणि परीक्षा आहेत. आयएएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रमाणपत्रे आहेत. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये एडएक्सवर फुकट अभ्यासक्रम आणला आहे आणि तो चांगला आहे. तरीही सुरुवात तिथून करू नये असे मला वाटते. सुरुवात माऊस बाजूला ठेवून करावी. स्वतः बनवलेले पान घ्यावे आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, बाण आणि एस्केप एवढ्या कळांवर काम तडीस नेऊन पाहावे. फोकस कुठे आहे ते दिसते का, उघडलेली खिडकी बंद होते का, बंद झाल्यावर आपण होतो तिथेच परत येतो का? एवढ्यातच बऱ्याच चुका उघड्या पडतात. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ॲक्सेसिबिलिटीचा भाग उघडावा. स्क्रीन रीडरला पान कसे दिसते त्याची वंशावळच तिथे असते, कोणत्या घटकाचे नाव काय, भूमिका काय, स्थिती काय. आपल्या डिव्हला तिथे ना नाव ना भूमिका, हे दिसले की पुढचे समजावून सांगावे लागत नाही. मग एनव्हीडीए उतरवून घ्यावे. मायकल करन आणि जेमी टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि मराठी वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतेच. खर्च परवडत नाही ही सबब इथे टिकत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. डोळे मिटून दहा मिनिटे एनव्हीडीए चालवले म्हणजे अंध माणसाचा अनुभव कळला असे नव्हे. सवयीचा वापरकर्ता जो वेग ठेवून ऐकतो, त्यात नवख्याला शब्दही उमटत नाही. तो शीर्षकांवरून शीर्षकांवर उड्या मारत जातो, सगळे पान ऐकत बसत नाही. नवखा मात्र सगळे ऐकतो, गोंधळतो, आणि अंधांचे फार हाल होतात बुवा, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्या दयेतून बरा कोड लिहिला जात नाही. एनव्हीडीए आपल्या चुका पकडायला वापरावे. अनुभव जाणून घ्यायचा तर सवयीच्या वापरकर्त्यालाच बोलवावे आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. दुसरी सावधगिरी आरियाची. आरिया म्हणजे घटकांना नावे आणि भूमिका जोडण्याची जादा सोय. क्लासमध्ये ॲक्सेसिबिलिटी शिकवतात तेव्हा बहुधा इथूनच सुरुवात होते, आणि उत्साही विद्यार्थी जिथे तिथे आरिया शिंपडतो. वेबएमच्या पाहणीत आरिया असलेल्या पानांवर नसलेल्यांपेक्षा जास्त चुका आढळतात. आरियावाली पाने जास्त गुंतागुंतीची असतात, हे त्याचे एक कारण असेल. पण आरियाचा पहिला नियमच सांगतो की एचटीएमएलमध्ये तो घटक असेल तर आरिया वापरू नका. डिव्हला बटणाची भूमिका देणे म्हणजे ब्राउझरला दिलेले वचन आहे, आणि ते वचन पाळणारा कोड आपणच लिहायचा असतो. न पाळलेले वचन मौनापेक्षा वाईट, कारण ऐकणारा त्यावर विसंबतो.

सगळे सोपे आहे असा माझा दावा नाही. एकाच पानावर चालणाऱ्या ॲपमध्ये मजकूर बदलला तरी पान तेच राहते. बदल झाला हे स्क्रीन रीडरला वेळेवर आणि एकदाच कळवणे नाजूक काम आहे. देवनागरीचे स्वतःचे प्रश्न आहेत: ठरावीक उंचीच्या बटणात वाचकाने अक्षरे मोठी केली की खालचे उकार आणि वरचे रफार कापले जातात, इंग्रजीत हे तितके जाणवत नाही. आणि नकाशे तर खरोखरच अवघड. जमिनीचा नकाशा न पाहणाऱ्याला कसा दाखवणार? इथे विशेषज्ञ हवा, हे मला मान्य आहे. पण हा प्रश्न आपल्याकडे वेबच्या कितीतरी आधी सुटलेला आहे, आणि तोही पौडसारख्या गावांतल्या दस्तलेखकांच्या हातून. कोणतेही खरेदीखत उघडा. त्यात चतु:सीमा असते: पूर्वेस अमक्याची गट नंबरची जमीन, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस तमका. नकाशा न उघडता, शेतावर न जाता, जमीन कुठे आहे आणि कुणाला लागून आहे हे शब्दांत. चित्राचा पर्यायी मजकूर कसा लिहावा याचा इतका चोख नमुना मला इंग्रजी मार्गदर्शकांत मिळालेला नाही. त्यात चित्राचे वर्णन नाही, हिरवा चौकोन वगैरे काही नाही. नकाशातून वाचणाऱ्याला जे हवे असते नेमके तेवढे आहे. भूनकाशाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नकाशांच्या, पडद्यावर एखाद्या गटावर गेले की क्षेत्र आणि चतु:सीमा मजकुरात मिळाली, तर अंध खातेदाराचे काम भागेल, आणि नेटवर्क धड नसलेल्या ताम्हिणीच्या बाजूला ज्याच्या फोनवर नकाशाचे चित्र उतरतच नाही त्याचेही भागेल.

उरतो तो वेळेचा आणि पगाराचा आक्षेप, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. स्प्रिंट दोन आठवड्यांची, मॅनेजर पडदा पाहून शाबासकी देतो, मुलाखतीत रिॲक्टचे हुक विचारतात, बटण कुणी विचारत नाही. मग नवख्याने कशासाठी शिकावे? याला नीतीचे उत्तर देता येईल, पण डेव्हलपरच्या टेबलावर ते फार वेळ टिकत नाही. व्यवहाराचे उत्तर असे की मागणी वाढते आहे. युरोपचा कायदा लागू झाला आहे. आपल्याकडे शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने ३१ जुलै २०२५ च्या परिपत्रकाने आपल्या अखत्यारीतल्या सर्व संस्थांना डिजिटल सेवा सुगम करण्याचे आणि तपासून घेण्याचे बंधन घातले. ब्रोकर, म्युच्युअल फंड, डिपॉझिटरी अशा सगळ्यांना आता ही कामे करून घ्यावी लागतील, आणि करणारे हात कमी आहेत. शिवाय सुरुवातीपासून नीट लिहिण्यात वेळ जातच नाही, हे बटणाच्या हिशेबात आपण पाहिले. वेळ जातो तो मोडून पुन्हा बांधण्यात, आणि तो हिशेब दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये दिसत नाही, वर्षाच्या शेवटी ऑडिटच्या बिलात दिसतो. मुलाखत घेणाऱ्यांनाही यात सहज करण्यासारखे काही आहे. उमेदवाराला रिकामी फाइल द्यावी, कोणतीही लायब्ररी नको, आणि वारस नोंदीचा साधा अर्ज बनवायला सांगावा: नाव, नाते, गट नंबर, कागद जोडायची सोय, चूक झाली तर तसे सांगणारा मजकूर आणि एक बटण. मग माऊस काढून घ्यावा आणि तो अर्ज त्यालाच भरायला लावावा. अर्ध्या तासात कळते कोण काय शिकून आला आहे, आणि क्लासवाल्यांना पुढच्या बॅचला काय शिकवायचे तेही आपोआप कळू लागेल.